चौथा खांदा

माणसाला गावात अडकवून ठेवायचं असेल तर दम देऊन भागत नाही, मान द्यावा लागतो. काशीरामला त्याच्या वाडीनं असाच मान दिला. तो घ्यायला काशीराम पुढं झाला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता, छाती काढून चालायचा, आणि आपलं काय होऊन बसलंय हे त्याला त्या दिवशी अजिबात कळलं नाही.

वाडी सावर्ड्याच्या वरच्या अंगाला, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पलीकडं. घरं तेरा. मोटार काय ती खालच्या डांबरी रस्त्यावरून जायची. वाडीतून निघालं की आधी उघडा कातळ, मग तीन वळणांची घाटी, मग पऱ्याचं वाहतं पाणी, मग भातशेतं आणि मग कुठं तो रस्ता. रिकाम्या हातांनी पाऊण तास. आजारी माणसाला न्यायचं तर दीड तास, कारण त्याला डोलीतून न्यावं लागे. डोली म्हणजे एक लांब जाड वासा, त्याला दोन्ही टोकांना गाठी मारून टांगलेली घोंगडी, आणि घोंगडीत पाय पोटाशी घेऊन पडलेला माणूस. वाशाला पुढं दोन खांदे, मागं दोन. चार खांदे जमले की डोली निघे, न जमले तर थांबे.

तेरा घरांत चार खांदे जमायला हरकत नव्हती. पण वाडीचे खांदे मुंबईत होते. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी खानावळीत. वाडीत राहिल्या होत्या बायका, पोरं आणि दात पडलेली माणसं. म्हणून एकोणऐंशीच्या शिमग्याला, मुंबईकर गावी आलेले असताना, सहाणेवर, पालखीच्या चौथऱ्यावर, पालखी टेकली आणि तिथंच गावकी बसली. ठरलं की चार गडी बारमाही वाडीत ठेवायचे. गावप्रमुख आप्पांनी देवीसमोरचे चार नारळ उचलून चौघांच्या हातांत दिले. नारळ घेतला की पुढच्या शिमग्यापर्यंत गाव सोडायचं नाही. केरू, भिकाजी, रामा आणि चौथा काशीराम.

केरूचं वय झालं होतं, भिकाजीला मुंबईचं पाणी मानवलं नव्हतं आणि रामाचा जीव गुरांत अडकलेला. त्या तिघांना नाहीतरी वाडीतच राहायचं होतं. काशीराम मात्र गोदीत दहा महिने हमाली करून केवळ शिमग्यापुरता आलेला. परतीचं तिकीट सदऱ्याच्या खिशात होतं.

"वरीसभर थांब, काशी," आप्पा म्हणाले. "फुडल्या शिमग्याला दुसरा कोन तरी बगू."

देवीसमोर हातात आलेला नारळ परत कसा करायचा? काशीरामनं तो कपाळाला लावला. मुंबईकरांनी टाळ्या वाजवल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळे आपापल्या पेट्या उचलून चालते झाले. तो दुसरा कोणी ते पुढं सहा शिमगे बघत राहिले.

पहिल्या वर्षी काशीरामला बरंच वाटलं. कुणाच्याही घरी पंगत बसली की पहिलं पान त्याचं. बाया मुद्दाम दही राखून ठेवत. पण हळूहळू त्याच्या ध्यानात यायला लागलं. बहीण चिपळूणला दिलेली, तिच्याकडं एक रात्र राहायची सोय उरली नाही. बाजाराला जायचं तर तीन घरांत सांगून जायचं, आणि आल्यावर पुन्हा आलो म्हणून सांगायचं. ऐंशी साली त्याचं राहीशी लग्न झालं, तेव्हा वरात त्याच दिवशी धावत-पळत परत आणली, कारण नवरदेव चौथा खांदा होता. वाडीत कुणाला ताप भरला की माणसं आधी काशीराम कुठं आहे ते बघत आणि मग आजाऱ्याच्या कपाळाला हात लावत. काशीरामला आजारी माणसांचा राग यायला लागला. मग त्या रागाची लाज वाटे, आणि लाज वाटली की तो आणखी जोरात डोली उचले.

चौऱ्याऐंशी साली त्याच्या मामेभावाचं, बाबूचं, मुंबईहून पत्र आलं. एका कागदाच्या गोदामात राखणदाराची जागा निघत होती. बाबूनं पुढं लिहिलं होतं, 'गोदामाच्या मागं एक खोली मिळते. वहिनीला आणता येईल.' मूलबाळ नव्हतं. त्या एका ओळीवर नवराबायकोनं सगळा चैत्र काढला. खोली दोघांनीही पाहिलेली नव्हती, तरी तिच्यात स्टोव्ह कुठं ठेवायचा आणि पाण्याचा माठ कुठं, यावरून त्यांची दोनदा भांडणं झाली.

काशीराम आप्पांकडं गेला. आप्पांनी पान जुळवता जुळवता ऐकून घेतलं.

"येवडा पावसाळा काड," ते म्हणाले. "तुज्यामागं चवथा कोन हाय, सांग बगू?"

चौथा कुणीच नव्हता, हे काशीरामलाही माहीत होतं. तो तसाच घरी आला.

आषाढात बाबूचा निरोप आला, गोदामाचा मालक एका कामासाठी चिपळूणला येतोय, मंगळवारी त्याला तोंड दाखवून जा, आवडलास तर दिवाळीपर्यंत जागा ठेवील. त्या मंगळवारी काशीराम उजाडता उजाडता घाटी उतरला. तीन घरांत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं. फक्त राहीला ठाऊक होतं. मालकानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, खांद्यावर थाप मारली आणि जागा दिवाळीपर्यंत ठेवतो म्हणाला. काशीराम इतका खूष झाला की त्यानं बाजारात स्टोव्हच्या पिनांचं एक पुडकं घेतलं. स्टोव्ह अजून घ्यायचा होता.

त्याच दिवशी सकाळी वाडीत चिमा अडली. चिमा म्हणजे हौसाची सून, वीस वर्षांची, पहिलटकरीण. नवरा मुंबईला. सुईणीनं दहाच्या सुमाराला हात टेकले आणि हिला खाली न्या म्हणाली. केरू, भिकाजी आणि रामा वासा घेऊन अंगणात आले. काशीरामच्या नावानं हाका सुरू झाल्या. शेवटी राहीनं मान खाली घालून सांगितलं की ते चिपळूणला गेलेत, दुपारच्या गाडीनं येतील.

मग सगळे थांबले. पाऊस पडत होता आणि घरातून चिमाचा आवाज येत होता. त्या पडवीत आणि अंगणात मिळून चौदा बायका उभ्या होत्या. एकेक बाई डोक्यावर दोन हंडे आणि कमरेवर तिसरा घेऊन घाटी चढणारी, गवताचा भारा घेऊन सडा पालथा घालणारी. पण पालखीला बाईचा खांदा लागत नाही, तिरडीला लागत नाही, म्हणून डोलीलाही लागत नाही. हा नियम कुणी घातला ते कुणाला सांगता आलं नसतं. तो मोडावा असं त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नाही. त्या चौदाजणींच्याही नाही. त्या रडत होत्या, देवीला नवस बोलत होत्या आणि घाटीकडं बघत होत्या.

दोन वाजता काशीराम वर आला. काय झालंय ते कळताच त्यानं पिशवी टाकली आणि पाण्याचा घोटही न घेता वाशाखाली गेला. चौघांनी चिमाला उचललं. तिसऱ्या वळणावर ती गेली, पोटातल्या पोरासकट. तिथून तिला परत वर आणली, तेव्हाही चारच खांदे होते.

काशीरामला कुणी बोल लावला नाही. लावला असता तर त्याला सोसलं असतं. आप्पा नुसतं 'नशीब' म्हणाले. पण पंगतीतलं पहिलं पान बंद झालं, आणि तो दिसला की बायांचं बोलणं थांबायला लागलं. दिवाळी आली आणि गेली. मालकानं दुसरा माणूस ठेवला. पंच्याऐंशीच्या शिमग्याला आप्पांनी नारळ उचलायच्या आधीच काशीरामनं हात पुढं केला होता. आता त्याला कुणी अडवायची गरजच नव्हती. खांद्यावर डोली नसेल तर तो कातळाच्या पुढं पाऊलसुद्धा टाकत नसे. स्वतःला त्यानंच कोंडून घेतलं होतं.

पण मधली एक गोष्ट सांगायची राहिली. चिमाचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी हौसा काशीरामच्या दारात आली. ती त्याच्या चुलतभावाची विधवा, पन्नाशीची, नात्यानं वहिनी. अंगानं वाळकी आणि जिभेनं तिखट. आता ही आपला उद्धार करणार म्हणून काशीराम उठून उभा राहिला.

"बसा भावजी," ती म्हणाली. "तुमी त्या दिशी नव्हता, ती चूक तुमची नाय."

काशीराम परत खाली बसला.

"तुमी असता तर माजी सून कदाचित वाचली असती. पन मंग दुसरी कोन तरी मेली असती. तुमी कदी ना कदी नसनारच. आजारी पडाल, म्हातारं व्हाल. मी त्या अंगनात उबी व्हते, भावजी. येवडे खांदे घेऊन आमी चवदाजनी उब्या व्हतो, नि चवथा गडी येतोय का म्हनून बगत बसलो. माजी सून आमी मारली."

राही चुलीपाशी होती, तिनं तोंडाला पदर लावला. हौसाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तिनं बोलायचं ते सगळं ठरवून आणलेलं होतं.

"आता चार गडी नकोत. वाडीत जेवडे खांदे हायत तेवडे सगळे लागले पायजेत. पाळी लावू. दोनशे पावलं झाली की खांदा बदलायचा. मंग कोन असला नि कोन नसला, डोली जायाचीच. मी नसले तरी गेली पायजे. तुमी आमाला शिकवा. वळनाला वासा कसा फिरवायचा ते तुमालाच ठावं."

आता कुणालाही वाटेल, की काशीरामनं तिचे पाय धरले असतील. त्याच्या पायातली बेडी कुणी तरी काढायला आलं होतं. पण तो म्हणाला, "ते बायांचं काम नाय, वहिनी," आणि गुरांना पाणी दाखवायला निघून गेला. गुरांनी नुकतंच पाणी प्यायलेलं होतं.

का नाही म्हणाला, हे त्याला आतून चांगलं ठाऊक होतं. ह्या खांद्यापायी त्याची मुंबई गेली, खोली गेली, आणि एका पोरीचा जीव त्याच्या माथ्यावर आला. एवढं सगळं देऊन त्याच्यापाशी उरलं होतं ते एकच, की त्याच्याशिवाय डोली निघत नाही. तेही चौदा बायकांत वाटून टाकलं तर आपण इतकी वर्षं इथं कशाला कुजलो, हा प्रश्न त्याला झेपणारा नव्हता.

हौसा थांबली नाही. गणपती झाल्यावर तिनं घोंगडीत भाताचं पोतं बांधलं आणि चौघींना घेऊन दिवसाढवळ्या कातळावरून चालायला लागली. पहिल्या दिवशी पोतं दोनदा पडलं. रामानं गुरं सोडून तमाशा बघितला. आप्पा काठी टेकत आले आणि देवी कोपेल म्हणाले, निदान गुरवाकरवी कौल तरी लावून घे म्हणाले.

"कौल लावून काय करू, आप्पा?" हौसा म्हणाली. "देवी व्हय बोल्ली तर उचलू. नाय बोल्ली तर काय, बाई मरू देऊ?"

आप्पांनी घरी जाऊन मुंबईला पत्र घातलं. मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाचं पत्र आलं, की हा प्रकार बंद करावा, गावाचं हसं होत आहे. हौसाला लिहिता येत नव्हतं. तिनं राहीकडून उत्तर लिहवून घेतलं, की पावसाचे चार महिने प्रत्येकानं पाळीनं येऊन वाडीत राहावं, म्हणजे बायका लगेच बंद करतील. त्या पत्राला उत्तर आलं नाही. डोली तेवढी पहिल्यासारखीच चालू राहिली, चार गड्यांच्या खांद्यावर. बायांनी भाताची पोती खुशाल न्यावीत, माणूस नाही न्यायचा, असा निकाल आप्पांनी दिला, आणि माणसंही बायांच्या डोलीत बसायला तयार नव्हती. पुढच्या पावसाळ्यात एक म्हातारा तापानं फणफणला होता, तोही काशीराम सड्यावरून येईपर्यंत थांबला.

राही हौसाच्या पाळीत पहिल्या दिवसापासून होती. पुढच्या टोकाला. काशीरामनं तिला बंदी केली नाही, फक्त बोलणं टाकलं. एके संध्याकाळी तिनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "दुसऱ्या वळनाला वासा कातळाला लागतो. तितं काय करता तुमी?"

"तितं बाया नेत नाय," काशीराम म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं नाही. ती दोघं एका घरात राहत होती, एका चुलीवरचं खात होती, आणि काशीरामला श्वास घ्यायला जागा नाही असं वाटायचं.

पंच्याऐंशीच्या दसऱ्यानंतर काशीराम सड्यावर गवत कापत होता. सकाळचे दहा वाजले असतील. मूठ भरायला हात घातला नि पाय पुढं टाकला, तेवढ्यात घोट्याला चावलं. फुरसं होतं. त्यानं ते ओळखलं, कोयतीनं मारलं आणि ओरडून माणसं गोळा केली. उचलून घरी आणेस्तोवर पाय सुजून तुळईएवढा झाला होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. फुरशाचं औषध चिपळूणला. रस्ता गाठायलाच दीड तास.

केरू वासा घेऊन धापा टाकत आला. भिकाजी आला, रामा आला.

"काशीला बोलवा रं लवकर," केरू म्हणाला.

कुणी हसलं नाही. केरूनं खाटेवर कोण आहे ते पाहिलं आणि तो वासा धरून तसाच उभा राहिला. आप्पांनी शेजारच्या गावातून एक गडी आणायला माणूस पिटाळला. जाऊन येऊन दोन तास.

आणि काशीराम, ज्याला चिमाचं सगळं माहीत होतं, जो वर्षभर त्या दुपारीतून बाहेर आलेला नव्हता, तो म्हणाला, "थांबू या. येल तो गडी."

हौसा तेव्हा घोंगडी पसरत होती. "मी यकदा थांबले," ती म्हणाली. "आता नाय."

"वहिनी, मला बायांच्या खांद्यावर नको."

"गप ऱ्हवा भावजी. जिवंत ऱ्हायलात तर मागनं भांडा."

आप्पा काही बोलायला पुढं झाले, तोवर चौघींनी वासा उचलला होता. पुढं डाव्या खांद्याला राही. बाकीच्या दहाजणी दोन्ही बाजूंनी चालू लागल्या, आणि त्यांच्या मागं केरू, भिकाजी आणि रामा रिकाम्या हातांनी.

सात वर्षं डोली वाहिली, पण आतून ती कशी असते हे काशीरामला माहीत नव्हतं. आत काही दिसत नाही. गुडघे हनुवटीला टेकलेले, तोंडावर घोंगडी, वर तेवढा वासा. हात हलवता येत नाही. आपल्याला कुठं नेतायत ते नेणाऱ्याच्या पावलांवरून ओळखायचं. त्याच्या मनात आलं, चिमा अशीच पडली होती आणि ती कळा देत होती. त्याला उलटी झाली. कुणी तरी चालता चालता त्याचं तोंड पुसलं.

हौसा पावलं मोजत होती. दोनशेला ती 'बदल' म्हणे आणि ताजे खांदे वाशाखाली येत, डोली न थांबता. चार गडी कातळ संपेपर्यंत दोनदा डोली टेकवायचे. ह्या टेकवत नव्हत्या. काशीरामला ते कळत होतं, कारण त्या वाटेचा दगड नि दगड त्याच्या तळव्यांना पाठ होता. पहिलं वळण गेलं. ताप चढत होता, पाय फुटतोय असं वाटत होतं, आणि तरी तो मनात वाट मोजत होता.

दुसऱ्या वळणाला वाशाचं पुढचं टोक कातळावर आपटलं. बाया मागं सरल्या, पुन्हा पुढं आल्या, पुन्हा आपटलं. मागच्या दोघींचा पाय घसरला. काशीरामचा गुडघा दगडावर आदळला आणि तो ओरडला. सगळ्या थांबल्या. भाताचं पोतं त्या इथं सोडून ओढून न्यायच्या, माणूस ओढता येत नव्हता. रामा मागून काही तरी सांगत होता, पण त्यानं सात वर्षं मागचं टोक धरलेलं, पुढचं कसं निघतं ते त्याला ठाऊक नव्हतं.

घोंगडीच्या पलीकडून, अगदी डोक्याजवळून राहीचा आवाज आला. तिला दम लागला होता.

"आता तरी सांगा," ती म्हणाली. "नायतर मी हितंच बसते तुमच्यासंगती."

काशीरामनं डोळे मिटून त्या वळणाचा कातळ आठवला.

"मागल्यांनी खाली बसा," तो घोंगडीतून म्हणाला. "पार उकिडव्या बसा, वासा गुडग्यावर घ्या. फुडलं टोक वर येल. आता फुडल्यांनी दरीकडं पाट करा, कातळावर हात टेका नि वासा वरनं काडा. घाई नको. निगाला? आता मागल्यांनी उटा, नि भायेरनं या."

वासा निघाला. सात वर्षांची त्याची विद्या सांगून संपायला एवढासाच वेळ लागला. काशीराम घोंगडीत तोंड खुपसून रडला. पायाच्या कळेनं रडतोय असं बायांना वाटलं आणि त्यांनी पाऊल उचललं. तिसऱ्या वळणावर कुणीच बोललं नाही. हौसाही मोजायची थांबली होती, पण खांदे आपोआप बदलले. पऱ्यातून कमरेएवढ्या पाण्यातून त्याला नेलं आणि एका तासाच्या आत डोली रस्त्यावर टेकली. चिऱ्यांचा एक रिकामा ट्रक चिपळूणकडं चालला होता, त्यानं घेतलं.

काशीराम वाचला. तीन आठवड्यांनी आला, तो जरा पाय ओढत आला.

शहाऐंशीच्या शिमग्याला पालखी सहाणेवर टेकली आणि नेहमीप्रमाणं गावकी बसली. बाया मागच्या बाजूला, डोक्यावरून पदर घेऊन. आप्पांनी चार नारळ पुढं ओढले. तेव्हा हौसा उठली आणि मागूनच बोलली.

"ते नारळ फोडा, आप्पा. नि सगळ्यांना वाटा. आता यका कुनाच्या हातात नकोत. पाळी लागलेली हाय."

मुंबईकर एकमेकांकडं बघायला लागले. आप्पांचा हात नारळावर तसाच राहिला. "काय रं काशी?" त्यांनी विचारलं. तो नाही म्हणेल अशी त्यांना अजून आशा होती, आणि क्षणभर काशीरामलाही वाटलं की हात पुढं करावा. सवयच होती ती.

"फोडा," तो म्हणाला.

चैत्रात बाबूनं त्याला एका इमारतीवर पहारेकरी म्हणून चिकटवलं. गोदामातली जागा परत मिळाली नाही, पण इथंही जिन्याखाली एक खोली होती, दोन माणसं निजतील एवढी. काशीरामनं दोन वळकट्या बांधल्या. राहीनं त्यातली एक सोडली.

"पावसाळा काडते नि येते," ती म्हणाली. "माजी पाळी हाय."

"तुला काय कुनी बांधून ठेवलंय?" काशीराम चिडला.

"कुनी नाय. म्हनून तर ऱ्हाते."

तो एकटाच गेला. मुंबईत त्याला झोप लागेना. जिन्यावरून कुणी धावत उतरलं की तो दचकून उठायचा, कोण आजारी पडलं म्हणून. इमारतीतली माणसं आजारी पडत आणि टॅक्सीनं जात, त्याला उठवत नसत. आषाढ लागला तसा तो रोज टपालवाल्याची वाट बघायला लागला. वाडीत पाऊस किती, पऱ्याला पाणी किती, हे त्याला जिन्याखाली बसून कळत नव्हतं.

श्रावणात राहीचं पत्र आलं. ती चौथी शिकलेली, अक्षर मोठं आणि ठळक.

'डोली दोनदा गेली. एकदा रामाच्या सुनेला नेलं. मुलगा झाला, दोघं बरी आहेत. दुसऱ्या खेपेला आप्पांना नेलं, त्यांचं पोट फुगलं होतं. आधी नको म्हणाले, मग गप पडून राहिले. हौसाजाऊबाय दोन्ही वेळेला चिपळूणला लेकीकडं होत्या. तरी डोली गेली. दुसऱ्या वळणाला वेळ लागला नाही, आता नवीन पोरींनाही जमतं. तुमची आठवण कुणाला झाली नाही, तेव्हा काळजी करू नये.'

काशीरामनं शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. राहीनं ती धीर द्यायला लिहिली होती, हे त्याला कळत होतं. हेच कुणी तरी आपल्याला सांगावं म्हणून तो वर्षानुवर्षं तळमळला होता. आता ते कागदावर लिहून आलं होतं आणि त्याला इतकं एकटं वाटलं, की तो खोलीचं दार लावून भिंतीकडं तोंड करून बसला. आप्पांना बायांच्या डोलीत पडलेलं डोळ्यांपुढं आणून त्याला हसू आलं. मग चिमा आठवली आणि हसू गेलं.

दोन दिवस तो काही लिहू शकला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं बाबूकडून एक कार्ड मागून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर बसून, शब्दाशब्दाला थांबत लिहिलं. 'दिवाळीला पंधरा दिवसांची रजा मिळते आहे. वाडीत असेन तेवढ्या दिवसांसाठी माझं नाव पाळीत घालावं. हौसावहिनीला विचारून घालावं. शेवटी घातलं तरी चालेल.'